परावर्तन आणि पारगमनाची बेरीज एक येत नाही? ऊर्जा कुठे सांडली ते शोधायची रीत

लाट दोन माध्यमांच्या सीमेवर आली की थोडी ऊर्जा परतते (परावर्तन) आणि उरलेली पुढे जाते (पारगमन). दोन्ही वाटे मिळून एक यायला हवेत. ते येत नाहीत, हे लक्षण ओळखीचं आहे. सूत्रं बरोबर, आकडेमोड दोनदा तपासलेली, आणि तरी परावर्तित अधिक पारगमित ही बेरीज १.४८ येते. कधी ०.६८ येते. कधी प्रोग्राम १.०२ दाखवतो आणि माणूस स्वतःची समजूत घालतो की वरचे दोन टक्के राउंडिंगचे असतील. (राउंडिंगची चूक दोन टक्क्यांची नसते. नेहमीच्या डबल प्रिसिजनमध्ये ती दशांश चिन्हानंतर चौदा-पंधरा घरं लांब असते.) ज्यांची बेरीज नीट जुळते त्यांना दुसरंच भूत छळतं: पातळ थरावरून परतणाऱ्या दोन लाटा एकमेकींना पुसून टाकतात म्हणे, मग त्या दोघींनी आणलेली ऊर्जा गेली कुठे?

तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी मला त्यांचं मूळ एकच वाटतं. आपण लाटांना सुट्या नाण्यांसारखं वागवतो. प्रत्येकीच्या खिशात तिची तिची ऊर्जा, आणि हिशोब म्हणजे खिसे उलटे करून मोजणं. ऊर्जा मात्र त्या जागी असलेल्या एकूण क्षेत्राची असते, आणि तेवढ्याच क्षेत्रामागे किती ऊर्जा वाहते हे माध्यम ठरवतं. आत्ता हे कोरडं वाटेल. खालचे आकडे एकदा हाताने करून पाहा.

बेरीज १.४८ किंवा ०.६८ येते

सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक हीच, म्हणून इथूनच सुरुवात करा.

काचेतून हवेत सरळ, म्हणजे सीमेला लंब पडणारा प्रकाश घेऊ. काचेचा अपवर्तनांक १.५, हवेचा १. येणाऱ्या लाटेच्या विद्युत क्षेत्राचा आयाम (लाटेची कमाल उंची) १ धरला तर परावर्तित लाटेचा आयाम (१.५ − १) ÷ (१.५ + १) = ०.२, आणि पार गेलेल्या लाटेचा (२ × १.५) ÷ २.५ = १.२. इथेच बरेच जण दचकतात: एकातून १.२ कसे निघाले? निघायलाच हवेत. सीमेच्या काचेकडच्या बाजूला येणारी आणि परतणारी अशा दोन लाटा एकाच वेळी आहेत, त्यांचं मिळून क्षेत्र १ + ०.२ = १.२. सीमेला समांतर असलेलं विद्युत क्षेत्र पलीकडे जाताना उडी मारू शकत नाही, म्हणून हवेतही १.२. आयामाला ‘जतन’ व्हायचं बंधन नाही. त्याला फक्त सीमेवर दोन्हीकडून जुळायचं असतं.

आता वर्ग करा. ०.०४ आणि १.४४, बेरीज १.४८. चूक नेमकी याच ओळीत आहे. क्षेत्राचा वर्ग म्हणजे ऊर्जाप्रवाह नव्हे. प्रकाशासाठी ऊर्जाप्रवाह हा अपवर्तनांक गुणिले क्षेत्राचा वर्ग या प्रमाणात असतो, म्हणजे १.४४ ला १ ÷ १.५ ने गुणायला हवं. येतात ०.९६. त्यात ०.०४ मिळवले की झाले १.

हेच हवेतून काचेत करा. परावर्तित −०.२, पार गेलेली ०.८. नुसते वर्ग केले तर ०.०४ + ०.६४ = ०.६८, म्हणजे ३२ टक्के प्रकाश हवेत विरला! ०.६४ ला १.५ ने गुणा, पुन्हा ०.९६. दोन्ही दिशांनी तेच चार टक्के परत येतात. तेव्हा १.४८ आणि ०.६८ हे आकडे दिसले की पुढचं काही वाचायची गरज नाही, माध्यमाचा गुणक विसरलाय.

केबलवाल्यांची गंमत अशी की ५० ओहमच्या लाइनला ७५ ओहमची जोडली की हेच आकडे येतात: परावर्तित व्होल्टेज ०.२, पुढे गेलेलं १.२. फक्त इथे वर्गाला इम्पिडन्सने (लाटेतल्या व्होल्टेज आणि करंटच्या गुणोत्तराने) भागायचं असतं: १.४४ × ५० ÷ ७५ = ०.९६. म्हणजे प्रकाशात अपवर्तनांकाने गुणायचं आणि केबलमध्ये ओहमने भागायचं. एका विषयातलं सूत्र दुसऱ्यात उचलून चिकटवताना हा गुणक उलटा बसतो, आणि ही चूक शोधायला सर्वांत जास्त वेळ खाते, कारण गुणक ‘लावलेला’ तर दिसत असतो.

आवाजाचं उदाहरण याहून बोलकं आहे. हवेचा ध्वनी-इम्पिडन्स (दाब आणि कणांचा वेग यांचं गुणोत्तर) एसआय एककात साधारण ४१५, पाण्याचा साधारण १४ लाख ८० हजार. साडेतीन हजार पटींहून जास्त फरक. हवेतून पाण्यावर सरळ आवाज पडला तर पाण्यात जाणाऱ्या लाटेचा दाब येणाऱ्या लाटेच्या जवळजवळ दुप्पट असतो. दाब दुप्पट, तर ऊर्जा चौपट? पाण्याचे कण त्या दाबाने हलतातच इतके कमी की प्रवाह निघतो सुमारे ०.११ टक्का. बाकी सगळा आवाज परत. दाब कितीही मोठा असो, ढकललेली वस्तू जागची हलली नाही तर काम झालं नाही. ऊर्जाप्रवाह म्हणजे दाब गुणिले कणांचा वेग, त्यातला एक आकडा मोठा झाला की दुसरा किती लहान झाला ते बघायचं. पाण्यातून हवेत येतानाही ०.११ टक्काच, तिथे मात्र वेग दुप्पट होतो आणि दाब कोसळतो. सोनोग्राफी करताना त्वचेवर जेल लावतात ते यासाठीच. मध्ये हवेचा पातळ पापुद्रा राहिला तरी ध्वनी आत शिरायच्या आधीच परत फिरतो.

तिरपा किरण आणि विसरलेला कोसाइन

सरळ पडणाऱ्या किरणाला हिशोब जुळतो आणि कोन वाढवला की बिघडतो, असं झालं तर गुणक अर्धाच लावलाय. वळलेल्या किरणाच्या शलाकेची रुंदी बदलते, आणि सीमेच्या एक चौरस मीटरवर किती ऊर्जा पडली व किती आत गेली हे मोजायचं असल्याने दोन्ही कोनांचे कोसाइन आत यावेच लागतात.

हवेतून काचेत ६० अंशांनी, विद्युत क्षेत्र आपतन प्रतलाला (किरण आणि सीमेवरचा लंब ज्या पातळीत असतात तिला) लंब. परावर्तित आयाम −०.४२०, त्याचा वर्ग ०.१७७. पार गेलेल्याचा आयाम ०.५८०, वर्ग ०.३३६. नुसत्या १.५ ने गुणलं तर ०.५०४, आणि बेरीज ०.६८१. काचेतल्या कोनाचा कोसाइन ०.८१६, बाहेरचा ०.५, गुणोत्तर १.६३३. त्याने गुणलं की ०.८२३. बेरीज १.

काचेतून हवेत येताना क्रांतिक कोनावर (जिथून पूर्ण परावर्तन सुरू होतं), म्हणजे ४१.८ अंशांवर, याच ध्रुवणासाठी (क्षेत्राच्या याच दिशेसाठी) पारगमनाचा आयाम बरोबर २ येतो आणि दुसऱ्या ध्रुवणासाठी ३. पूर्ण परावर्तन होत असताना! हवेतल्या कोनाचा कोसाइन तिथे शून्य होतो, म्हणून प्रवाहही शून्य. पृष्ठभागाला चिकटून क्षेत्र असतं, भरपूर असतं, पण सरासरीने पलीकडे काही नेत नाही. त्या क्षेत्रात दुसरी काच अगदी जवळ, तरंगलांबीहून कमी अंतरावर आणली तर मात्र ऊर्जा झिरपायला लागते, आणि तेवढ्याच प्रमाणात परावर्तन घटतं.

लाटा एकमेकींना पुसतात तेव्हा

हा खरा छळवादी प्रश्न. चष्म्याच्या किंवा कॅमेऱ्याच्या भिंगावर पातळ थर असतो. जाडी त्या थरातल्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश. वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लाटांत अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो, त्या विरुद्ध कलेत (एकीचं शिखर तिथे दुसरीचा खड्डा) भेटतात, परावर्तन नाहीसं. पुस्तकात पुढे लिहिलेलं असतं, ‘म्हणून जास्त प्रकाश पार जातो.’ हे ‘म्हणून’ कुठून आलं? परतणाऱ्या लाटांनी परतीच्या वाटेवर एकमेकींना मारलं, त्याची खबर पुढे गेलेल्या लाटेला कुणी दिली?

कुणी द्यायची गरज नाही. पुढे जाणाऱ्या लाटांचं स्वतःचं व्यतिकरण (एकमेकींत मिसळून वाढणं किंवा पुसलं जाणं) तिकडे चाललेलंच असतं, आपण ते मोजत नाही एवढंच. मोजूया. काच १.५, थराचा अपवर्तनांक आदर्श, म्हणजे १.५ चं वर्गमूळ, १.२२४७. दोन्ही पृष्ठभागांवर परावर्तनाचा आयाम ०.१०१०. वरून परतलेली पहिली लाट −०.१०१०२. दुसरी लाट आत गेली, खाली आपटली, वर येऊन बाहेर पडली: +०.०९९९९. बघा, त्या समान नाहीतच! ‘दोन सारख्या लाटा एकमेकींना पुसतात’ हे पुस्तकी चित्र इथेच फाटतं. उरले −०.००१०३. तिसरी लाट, जिने थरात दोन चकरा मारल्या, आणते +०.००१०२. चौथी उरलेलं जवळपास संपवते, आणि असं पुढे. सगळ्या मिळून शून्य.

आता दुसरं दार बघा. पहिल्या झटक्यात काचेत गेलेल्या लाटेचा आयाम ०.८०८२. वर्ग करून १.५ ने गुणा: ०.९७९७. म्हणजे एकटी पहिली लाट जवळपास ९८ टक्के नेते. पण थरात चकरा मारणाऱ्या लाटा खालच्या बाजूनेही थोड्या थोड्या बाहेर पडतात, आणि तिथे त्या सगळ्या एकाच कलेत असतात. त्यांनी आयाम ०.८०८२ वरून ०.८१६५ वर नेला. वर्ग करा, १.५ ने गुणा. १.००००. परतीच्या दारातून वजा झालेलं पुढच्या दारात जमा दिसतं, आणि एकाच वेळी, कारण दोन्ही एकाच क्षेत्राची टोकं आहेत.

यातून निदानाचा नियम निघतो: कुठेही विनाशी व्यतिकरण दिसलं की दुसरं दार शोधा. ते सापडत नसेल तर तुम्ही एखादी लाट मोजायची विसरला आहात. (प्रत्यक्षात थरासाठी मॅग्नेशियम फ्लोराइड वापरतात, अपवर्तनांक १.३८. आदर्श नाही. १.५२ च्या काचेवर साडेपाचशे नॅनोमीटर प्रकाशासाठी जवळपास १०० नॅनोमीटरचा थर दिला तर परावर्तन ४.३ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर येतं, शून्यावर नाही. तुमच्या प्रोग्रामने इथे शून्य दाखवलं तर तो खोटं बोलतोय.)

आणि दुसरं दारच नसेल तर? ताणलेल्या दोरीवर समोरासमोरून दोन सारखे स्पंद येऊ द्या, एक वर फुगलेला, एक खाली. ते बरोबर एकमेकांवर येतात त्या क्षणी दोरी सपाट असते. फोटो काढलात तर तिथे काहीच नाही. पण फोटोत वेग दिसत नाही. त्या क्षणी दोरीचे कण एकट्या स्पंदात असते त्याच्या दुप्पट वेगाने हलत असतात. प्रत्येक स्पंदात अर्धी ऊर्जा ताणाची, अर्धी गतीची. वेग दुप्पट म्हणजे गतिज ऊर्जा एका स्पंदाच्या चौपट, म्हणजेच दोन्ही स्पंदांची मिळून पूर्ण ऊर्जा. दोरी पुढच्या क्षणी फुगते ती याच जोरावर. विस्थापन शून्य दिसलं म्हणून ऊर्जा शून्य लिहिणं ही चूक भल्याभल्यांच्या हातून होते.

स्रोत शेजारी शेजारी असतील तेव्हा हिशोब स्रोतापाशीच फिरतो. दोन स्पीकर तरंगलांबीच्या मानाने अगदी चिकटून, एकाच कलेत वाजवले तर सगळीकडे दाब दुप्पट आणि ऊर्जा चौपट मिळते. फुकट नाही मिळत. प्रत्येक पडद्याला दुसऱ्याने तयार केलेल्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं, त्यामुळे प्रत्येकाचं काम दुप्पट होतं. एकाची वायर उलटी जोडा, आवाज बसतो, आणि पडदे हवेला जवळजवळ काहीच देत नाहीत.

अर्धा आरसा आणि चौपट ऊर्जा

अर्धा प्रकाश परतवणारा, अर्धा पार सोडणारा आरसा. दोन बाजूंनी एकेक एकक ऊर्जेच्या दोन शलाका त्यावर येतात. दोन्ही बाहेरच्या वाटांवर प्रत्येकी ०.७०७ + ०.७०७ = १.४१४, वर्ग २, दोन वाटा मिळून ४. आत २ गेले, बाहेर ४ आले. कारखाना टाकायला हरकत नाही.

दोष चिन्हाचा आहे. दोन्ही बाजूंचं परावर्तन सारख्या चिन्हाचं आणि पारगमनाच्याच कलेत धरलं की हे होतं. भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्स यांनी १८४९ मध्ये सीमेवरचा खेळ काळात उलटा फिरवून दाखवलं की एका बाजूचा परावर्तन-आयाम दुसऱ्या बाजूच्या उलट चिन्हाचा असायलाच हवा, आणि दोन्ही दिशांच्या पारगमन-आयामांचा गुणाकार १ वजा परावर्तनाचा वर्ग इतका. वर काचेला एकदा −०.२ आणि एकदा ०.२ आले ते हेच. चिन्ह नीट लावलं की एका वाटेवर २, दुसरीवर ०. दोन्ही बाजूंनी अगदी सममित असलेल्या आरशात परावर्तन आणि पारगमन यांच्यात ९० अंशांचा फरक असतो. तिथे दोन्ही शलाका एकाच कलेत आणल्या तर १ आणि १ मिळतात. बेरीज तीच.

मायकेल्सनच्या व्यतिकरणमापीत (अर्ध्या आरशाने प्रकाश दोन वाटांवर पाठवून पुन्हा एकत्र आणणाऱ्या यंत्रात) पडदा पूर्ण काळा केल्यावर ‘प्रकाश गेला कुठे’ हा प्रश्न हमखास येतो. गेला आला त्या वाटेने, लेसरकडे परत. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या ४ किलोमीटर लांब भुजांच्या यंत्रात बाहेरचं दार असंच जवळपास काळं ठेवतात, आणि लेसरकडे निघालेला तो प्रकाश मध्ये आणखी एक आरसा उभा करून पुन्हा आत ढकलतात. हरवलेल्या ऊर्जेला अशी आरसा लावून अडवता येते म्हटल्यावर ती हरवली होती असं कोण म्हणेल?

एवढं करूनही प्रोग्राम १.०२ म्हणतो

मग माझा पहिला संशय मोजण्याच्या जागेवर. येणाऱ्या बाजूला ठेवलेला मॉनिटर (प्रोग्राममध्ये क्षेत्र नोंदवणारी जागा) एकूण क्षेत्र मोजतो, म्हणजे येणारी आणि परतणारी लाट दोन्ही. परतलेली वेगळी हवी असेल तर सीमा काढून टाकून प्रोग्राम एकदा रिकामा चालवा आणि ते क्षेत्र वजा करा. क्षेत्र वजा करायचं, तीव्रता नव्हे. दुसरा संशय वेळेवर: स्पंद वापरला असेल आणि थरात ऊर्जा अजून घुटमळत असेल तर बेरीज १ पेक्षा कमी येते. प्रोग्राम जास्त वेळ चालवला की आकडा चढत जातो. चढत नसेल तर कडांवरच्या शोषक भिंती बघा, त्या कधी कधी थोडं परतवतात.

जाड काचेची पट्टी हा वेगळा सापळा आहे. लेसरसाठी आयामांची बेरीज करायची. मग तरंगलांबीनुसार परावर्तन ० ते १४.८ टक्क्यांत हेलकावतं. साध्या दिव्याच्या प्रकाशासाठी तीव्रतांची बेरीज, तिथे ७.७ टक्के. ‘चार आणि चार आठ’ हे घाईचं उत्तर, कारण मागच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो ९६ टक्केच प्रकाश, आणि परतताना त्यातलाही थोडा आत अडकतो. हेलकाव्यांची सरासरी काढलीत तर तीही ७.७ येते.

एक खोडी मात्र सांगून ठेवतो. पारगमन जर तुम्ही ‘१ वजा परावर्तन’ असंच काढलं असेल तर बेरीज नेहमीच १ येणार, आतलं सगळं चुकलं असलं तरी. दोन्ही स्वतंत्रपणे काढा, मग बेरजेला अर्थ आहे.

सगळं तपासून झालं, तरी जुळत नाही, आणि पहिलं माध्यम ऊर्जा शोषणारं आहे? मग थांबा, कदाचित तुम्ही बरोबर आहात. शोषण नसलेल्या माध्यमात येणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटेचं मिश्र पद (दोघींच्या गुणाकारातून येणारा भाग) सरासरी प्रवाहातून गळून पडतं, म्हणून दोघींची ऊर्जा वेगवेगळी मोजता येते. शोषक माध्यमात ते पद उरतं. ऊर्जा तेव्हाही जपलेलीच असते, पण ‘आलेली वजा परतलेली’ ही वजाबाकी तिचा हिशोब देत नाही. गळतीच्या केबलमध्ये, जिथे तिचा स्वतःचा इम्पिडन्स संमिश्र (काल्पनिक भाग असलेला) असतो, परावर्तनाचा आयाम १ च्या वरही जाऊ शकतो आणि त्यात काहीही निषिद्ध नाही. अशा वेळी लाटा सुट्या करण्याचा नाद सोडा. सीमेच्या लगेच अलीकडे आणि लगेच पलीकडे एकूण क्षेत्राचा प्रवाह काढा, म्हणजे केबलमध्ये एकूण व्होल्टेज गुणिले एकूण करंट, आवाजात एकूण दाब गुणिले एकूण वेग. ते दोन आकडे समान आले तर तुमचा प्रोग्राम ठीक आहे. नाही आले तर सीमेवरच्या जुळणीच्या अटींपासून पुन्हा सुरुवात करा.